कुण्या माणसाचं पाऊल?

दसरा झाला की चार दिवस माहेरी जायचं आणि कोजागिरीच्या आत लातूरला परतायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. मधे एसटीचा साडेतीन-चार तासांचा रस्ता. लग्न झालं तेव्हा हा रस्ता कधी संपेल असं व्हायचं. आता मात्र तो जरा लांबावा असं वाटतं. माहेरी आई नाही, नाना नाहीत. भाऊ-भावजय प्रेमानं करतात, पण निघताना पदराला गाठ मारून काही देणारं कुणी राहिलं नाही. त्यामुळे एसटीच्या खिडकीशी बसलं की मी तिथल्या आठवणीच बरोबर घेऊन निघते.

यंदा निघताना भावजयीनं माळा आवरायला काढला होता. त्यात नानांचा मर्फीचा रेडिओ निघाला. लाकडी पेटीचा, पुढं पिवळ्या पडलेल्या कापडाची जाळी असलेला. ती म्हणाली, "आक्का, भंगारवाल्याला देऊ का हो?" मी म्हटलं, "थांब बाई, यातून चंद्र ऐकलाय आम्ही."

ऐकलाय म्हणजे खरोखर ऐकलाय. २१ जुलै १९६९, सोमवार. मी तेव्हा दहा वर्षांची. चंद्रावर यान उतरलं ते आपल्या घड्याळात रात्री पावणेदोनला आणि माणसानं पाऊल टाकलं ते सकाळी साडेआठच्या सुमारास. म्हणजे आमची शाळेची वेळ! पण त्या दिवशी जुन्या नांदेडातल्या आमच्या वाड्यात शाळेचं नाव कुणी काढलं नाही. ओसरीवर रेडिओ मांडलेला. नाना निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले, त्यांचं इंग्रजी बेताचं. म्हणून शेजारचे कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ मुद्दाम बोलावलेले. खरखर इतकी, की दहा शब्दांतले चार कळायचे. ते कान लावून बसायचे आणि एकेक वाक्य मराठीत सांगायचे. आम्ही पोरं आ वासून त्यांच्या तोंडाकडे बघायचो, जणू चंद्र तिथंच उगवणार होता.

आजी गोदावरीवरून अंघोळ करून आली. ओलं लुगडं दांडीवर टाकता टाकता तिनं आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "चंद्र तर कुठंच दिसंना. मग हे उतरले कशावर?" सगळे हसले. पण तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या दिवसांत शुक्ल पक्षातला अर्धा-मुर्धा चंद्र होता. आपल्याकडे तो आदल्या रात्रीच मावळला होता आणि सकाळी अजून उगवायचा होता. तो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला होता, म्हणून तर त्या उतरण्याची चित्रं ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या तबकड्यांनी झेलली.

मग ते वाक्य आलं. जगभरातल्या माणसांना पाठ असलेलं. त्या गृहस्थांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, "तो म्हणतोय, माणसाचं हे एक छोटं पाऊल, मानवजातीची मोठी झेप."

आजीनं लुगडं झटकलं. म्हणाली, "कुण्या माणसाचं?"

त्यावर ते गृहस्थ जरा गोंधळले. तेव्हा आम्हाला वाटलं, आजीला काही समजलं नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की आजीनं विचारलं तोच प्रश्न जग विचारत बसलं आहे! नील आर्मस्ट्राँगला म्हणायचं होतं, 'एका माणसाचं छोटं पाऊल.' पण इंग्रजीतलं ते 'एका' दाखवणारं इवलंसं अक्षर रेडिओवर कुणाला ऐकू आलं नाही. ते अक्षर गेलं की 'माणूस' आणि 'मानवजात' यांत इंग्रजीत फरकच उरत नाही, वाक्याचा अर्थच वाहून जातो. आर्मस्ट्राँग पुढं सांगत राहिला की मी ते म्हटलं होतं, निदान म्हणायचा विचार होता. अखेर छापील नोंदीत ते अक्षर कंसात घालून तोड काढली. २०१२ साली तो वारला, तोवर हा प्रश्न त्याच्या पाठी लागलेला होता. एक अक्षर तोंडातून निसटलं आणि जन्मभर त्याचा खुलासा करत बसावं लागलं. ज्यांनी आयुष्यात एखादं वाक्य घाईनं बोलून टाकलं आहे, त्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मला तर नकोच. का, ते पुढं येईल.

एसटी नांदेड सोडून लोह्याकडे लागली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे गाडीत आता निम्म्याहून जास्त आपणच असतो. कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी दवाखान्याला, कुणी नुसतीच बहिणीला भेटायला. पूर्वी "कशाला खर्च" म्हणून राहून गेलेल्या भेटी आता होऊ लागल्यात, हे मला फार बरं वाटतं. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. तो आमच्यात फिरला आणि लोहा यायच्या आत त्यांच्या दोन्ही सुनांची माहिती मला झाली.

लोहा गेलं, माळाकोळी गेलं, की बालाघाटाचं पठार चढायला लागतं. रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडी बघत जावं. काळा कातळ, थरावर थर, जणू कुणी भल्यामोठ्या भाकरींची चवड रचून ठेवली आहे. हा आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो वाहिला आणि अवघा दख्खन त्यानं सारवून काढला. आपलं जातं त्याचं, पाटा-वरवंटा त्याचा, हेमाडपंती देवळं त्याची. आता यात चंद्राचं काय, म्हणाल. पौर्णिमेला चंद्रावर आपण जो ससा बघतो ना, तो ससाही याच जातीच्या दगडाचा आहे. ते डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं. आर्मस्ट्राँग आणि त्याचा जोडीदार ऑल्ड्रिन उतरले ते अशाच एका मैदानात आणि येताना त्यांनी साडेएकवीस किलो दगड-माती आणली. तपासली तर त्यात काळा पाषाण निघाला. आपल्याहून फार म्हातारा, साडेतीनशे कोटी वर्षांच्याही आधीचा, आणि कोरडा ठणठणीत. पण नात्यातला खरा.

आणखी एक गंमत. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं, की चंद्र स्वतः प्रकाशत नाही, सूर्याच्या उजेडानं उजळतो, आणि ग्रहण राहू-केतूमुळे होत नाही, सावलीमुळे होतं. त्या आर्यभटाला जुन्या टीकाकारांनी अश्मक देशाचा म्हटलं आहे. अश्मक म्हणजे मध्य गोदावरीकाठचा मुलूख, आपल्या नांदेडच्या आसपासचा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. विद्वानांचे वाद आहेत, त्यात आपण पडू नये. पण अश्म म्हणजे दगड. दगडांच्या मुलखातल्या माणसानं चंद्र ओळखावा, हे मला पटतं.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. शिरूर ताजबंदला उदगीरकडे जाणारी मंडळी उतरली. बाहेर सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या, मळणीयंत्रं धुरळा उडवत होती, तूर कमरेला आलेली. मी डोळे मिटून त्या चंद्रावरच्या माणसांचं बोलणं आठवत बसले. मला त्याचा नादच आहे. कुणी सिनेमातली गाणी लक्षात ठेवतं, मी ही वाक्यं लक्षात ठेवली आहेत.

मोठ्या वाक्यापेक्षा मला त्याआधीचं एक साधं वाक्य आवडतं. यान उतरलं तेव्हा आर्मस्ट्राँगनं ह्यूस्टनला कळवलं, की गरुड उतरला आहे. गरुड हे त्या यानाचं नाव. इंधन संपत आलेलं, खाली धोंडे दिसत होते म्हणून ते उतरायची जागा शोधत पुढं पुढं गेलेले. ह्यूस्टनमध्ये बोलायला बसलेला चार्ली ड्यूक त्यावर म्हणाला, इथं आमची बरीच मंडळी काळीनिळी पडायच्या बेतात होती, आता पुन्हा श्वास घ्यायला लागलो आहोत, आभार! हे कसं अगदी आपल्यासारखं आहे. मूल तापातून डोळे उघडतं तेव्हा आपण हेच म्हणतो. हाच चार्ली ड्यूक पुढं १९७२ मध्ये स्वतः चंद्रावर गेला आणि बायको-मुलांबरोबरचा आपला फोटो तिथल्या मातीवर ठेवून आला. मागं लिहिलं होतं, की हे पृथ्वीवरच्या चार्ली ड्यूकचं कुटुंब आहे. पृथ्वी लिहायला तो विसरला नाही. पत्ता पुरा हवा ना!

दुसऱ्या खेपेला, १९६९ च्याच नोव्हेंबरात, पीट कॉनराड उतरला. हा उंचीनं बुटका. शिडीवरून उडी मारताना तो ओरडला, की नीलचं पाऊल छोटं असेल, माझ्यासाठी मात्र हे लांबच आहे! यामागं एक पैज होती. ओरियाना फलाची या इटालियन बातमीदार बाईंना खात्री होती, की चंद्रावर काय बोलायचं ते सरकारच लिहून देतं. कॉनराड म्हणाला, मी काय बोलणार ते तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. पाचशे डॉलरची पैज लागली. तो बोलला तसंच, पण पैसे काही त्याच्या हाती पडले नाहीत म्हणे.

तिकडे चंद्रावर काय बोलले ते जगानं ऐकलं. घरी त्यांच्या बायकांनी काय ऐकलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या घरात नासानं एकेक छोटा बोलका डबा बसवला होता. आकाशातलं आणि ह्यूस्टनमधलं बोलणं त्यातून थेट घरात येई. एकीकडे मुलांचं खाणंपिणं आणि दुसरीकडे हा डबा. आर्मस्ट्राँग १९६६ मध्ये आधीच्या एका मोहिमेवर असताना त्याचं यान आकाशात गरगरा फिरायला लागलं. तेव्हा त्याच्या बायकोच्या, जॅनेटच्या घरातला डबा बंद करून टाकण्यात आला. बाईनं ऐकू नये म्हणून! ऐकायला मिळण्यापेक्षा ऐकू न येणंच जास्त जीवघेणं, हे तो डबा बंद करणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं. चंद्रावर चाललेली माणसं सगळी मिळून बारा, १९६९ ते १९७२ या काळातली. त्यांत बाई एकही नव्हती.

ही तिघं, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि वर यानात एकटाच थांबलेला कॉलिन्स, आपल्या मुंबईला येऊन गेली होती. २६ ऑक्टोबर १९६९ ला, बायकांसह. नुकतीच कोजागिरी झालेली. नाना म्हणाले, "चांदण्यात दूध आटवायला यायचं होतं दोन दिवस आधी."

लातूर आलं. लातूरला मी आधी गंजगोलाईत उतरते, घरी नंतर. गोल बाजारपेठ, मधे जगदंबेचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. चंद्राच्याही कला सोळाच, म्हणून लग्न होऊन आल्यावर मी मनाशी गोलाईला चंद्राचं देऊळ म्हणायची. कोजागिरीच्या दुधाचा जिन्नस तिथंच घ्यायचा: चारोळी, वेलदोडे, जायफळ, केशराची डबी. (एक सांगून ठेवते. जायफळ दूध उतरवल्यावरच किसून घालावं, आटवताना नव्हे. आणि दुधाला बुडाशी लागू द्यायचं नसेल तर पातेल्यात आधी दोन चमचे पाणी घालून मग दूध ओतावं.)

पण यंदा मी दूध घरी करणार नव्हते. जिन्नस घेऊन दुसऱ्या दिवशी मी पुढची गाडी धरली. औसा, लामजना, किल्लारी.

आमच्या वन्सं, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, किल्लारीजवळच्या एका खेड्यात राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे. १९९३ पासून त्यांनी कोजागिरी केलेली नाही. आम्ही बोलावलं तर काही ना काही कारण निघायचं. म्हणून यंदा दुधाचं सगळं घेऊन मीच जायचं ठरवलं होतं. आणि मला त्यांना काही सांगायचं होतं. तीस-बत्तीस वर्षं न सांगितलेलं.

ती कहाणी अशी. वन्संना एक मुलगी होती, बारा वर्षांची. मला मामी-मामी करायची. १९९३ च्या श्रावणात तिचं पत्र आलं, की मामी, यंदा गणपती बघायला लातूरला येऊ का? विसर्जनाची मिरवणूक बघायची आहे. आमचं तेव्हा दोन खोल्यांचं भाड्याचं घर. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडलेलं, त्या अंथरुणाला खिळलेल्या. वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. मी कावलेली होते. पंधरा पैशांचं कार्ड घेतलं आणि लिहून टाकलं: 'यंदा गणपतीला नको. दिवाळीला ये.' मायेचा एक शब्दही वर घातला नाही. घाई होती.

अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन झाले. मंडळी दमून झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातुरात आमची भांडी फळीवरून खाली आली, सासूबाईंना उचलून आम्ही रस्त्यावर आलो. फटफटलं तेव्हा किल्लारीचं नाव कानावर आलं.

तिकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात काय गारवा असायचा! गोलसर दगड नुसत्या मातीत रचलेले. जमीन हलली तसे ते दगड सुटले आणि माळवद माणसांवर बसलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वन्सं म्हशीला वैरण टाकायला उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्यांचे यजमान आणि मुलगा शेतात जागलीला होते. मुलगी आत झोपलेली.

यजमान त्याच दिवशी गेले, मी चार दिवसांनी गेले. पाऊस लागलेला, चिखल, लष्कराच्या गाड्या. वन्सं एका पत्र्याखाली बसल्या होत्या. मला बघून त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही बोलू शकले नाही. 'दिवाळीला ये' हे दोन शब्द माझ्या घशात अडकले होते. ती गणपतीला लातूरला आली असती तर? हे मी मनात किती वेळा म्हटलं असेन, त्याची मोजदाद नाही. वन्सं महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी म्हणाल्या, "तांदूळ निवडायचे राहिलेत." हे त्यांचे पहिले शब्द.

चंद्रावर उतरल्यावर ऑल्ड्रिननं भोवती बघितलं आणि त्याच्या तोंडून गेलं, 'भव्य ओसाडी!' लोक या शब्दांचं फार कौतुक करतात. मला ते जमत नाही. ओसाडीला भव्य म्हणायला माणसानं फार लांबून आलेलं असावं लागतं आणि लगेच परत जायचं असावं लागतं. जुन्या किल्लारीत मी ओसाडी बघितली आहे. चौकट उभी आणि भिंत नाही, तुळशीवृंदावन आहे आणि अंगण नाही.

आता नवी गावठाणं वसून कैक वर्षं झाली. पन्नासेक गावं जुन्या जागा सोडून उठून बसली. सरळ रांगांतली चौकोनी सिमेंटची घरं, रुंद रस्ते. तिशी गाठलेल्या पोरांना जुनं गाव ठाऊकही नाही. स्मारकाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक जमतात. माझी गाडी तिथून गेली तेव्हा एक बाई कडेच्या लिंबाखाली शेळ्या घेऊन बसली होती. बाकी सामसूम होती.

वन्संनी दारातच विचारलं, "कामून आलीस गं एवढ्या उन्हाची? काय करूलालाय म्हातारा?" म्हातारा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आमचे यजमान.

संध्याकाळी गच्चीवर शेगडी पेटवली. त्यांचा नातू पुण्याहून दिवाळीच्या आधीच सुट्टी काढून आलेला, तो मोबाइल घेऊन शेजारी बसला. चंद्र वर आला. मोठा, तांबूस. वन्सं त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मी समजले. त्या पहाटे धुळीच्या लोटातून चंद्र असाच तांबडा दिसत होता, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

नातू आपला उत्साहात होता. त्यानं आपलं यान चंद्रावर उतरल्याचा विषय काढला. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. इस्रोच्या सोमनाथांनी सांगितलं, भारत चंद्रावर आहे. आणि यानाच्या नावानं संदेश आला, की मी मुक्कामाला पोचलो आणि तुम्हीही. सामान बांधून निघालेल्या लेकीनं पोचल्याचं कळवावं तसा. १९८४ मध्ये राकेश शर्मांना इंदिराबाईंनी विचारलं होतं, वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी शाळेत आपण सगळ्यांनी म्हटलेल्या इक्बालांच्या तराण्यातले शब्द उत्तरादाखल दिले होते. ते ऐकून आमच्या घरी नानांना रडू आलं होतं, तेही मी नातवाला सांगितलं.

मग तो म्हणाला, "आज्जी, त्या यानात भूकंप मोजायचं यंत्र होतं. उतरल्यावर तीन दिवसांनी त्यात हादऱ्यासारखं काहीतरी उमटलं."

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. पण वन्सं वळल्या. "चंद्रावर भूकंप?"

आता बोलणं भाग होतं. मी त्यांना मला ठाऊक होतं ते सांगितलं. अमेरिकेच्या माणसांनी चंद्रावर अशी यंत्रं ठेवली होती. कॉनराडच्या खेपेला परत निघताना त्यांनी रिकामं झालेलं यान मुद्दाम चंद्रावर आपटलं, तर चंद्र जवळजवळ तासभर थरथरत राहिला. शास्त्रज्ञ म्हणाले, घंटा वाजल्यासारखा. आपल्या जमिनीत पाणी मुरलेलं असतं, ते हादरा शोषून घेतं. तिथं सगळं कोरडं, तडकलेलं. म्हणून थरथर लवकर मिटत नाही. आठेक वर्षांत त्या यंत्रांनी बारा हजारांवर हादरे टिपले. १९७७ मध्ये ती बंद केली. तारीख होती ३० सप्टेंबर.

ती तारीख तोंडातून गेली आणि मी थांबले. वन्सं काही बोलल्या नाहीत. दूध वर येत होतं, मी पळी फिरवत राहिले. आणि पळी फिरवता फिरवताच सांगून टाकलं. की वन्सं, तिनं मला पत्र घातलं होतं. गणपतीला येऊ का म्हणून. मीच नको म्हटलं होतं.

"मला ठाऊक हाय," वन्सं म्हणाल्या. "तुझं कार्ड मीच वाचून दावलं तिला."

मला काही सुचेना.

"दिवाळीला ये म्हणून लिहिलं होतंस. तेवढंच धरून बसली होती. महिनाभर उड्या मारूलाली होती पोर. मामीनं बोलावलंय, मामीनं बोलावलंय. नवा फ्राक शिवून दे म्हणाली, लातूरला घालायला." त्या थोडं थांबल्या. "कापड आणलं होतं मी. निळं."

नातू उठून खाली गेला. बराच वेळ आम्ही दोघीच होतो. शेवटच्या खेपेला चंद्रावर गेलेल्या जीन सर्नननं १९७२ मध्ये निघताना तिथल्या धुळीत आपल्या लेकीच्या नावाची अक्षरं बोटानं काढली होती. तिथं वारा नाही, पाऊस नाही, ती अक्षरं आहेत तशीच असणार. हे मला सांगावंसं वाटलं, पण मी सांगितलं नाही. पातेलं उतरवलं, जायफळ किसलं.

वन्संनी पेला हातात घेतला आणि पहिल्यांदाच मान वर करून चंद्राकडे बघितलं. बघत राहिल्या.

"तिथं हादरतंय म्हणलीस. तिथं घरं न्हाईत ना कुणाची?"

"नाहीत."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. "साखर कमी पडली गं दुधात."